ग्रंथ राखण्याची विद्या

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत लीळाचरित्राचें स्थान कोणतें, हा प्रश्न आतां वादाचा राहिलेला नाहीं. तेराव्या शतकांतील बोलती मराठी जशी या ग्रंथांत कानीं पडते तशी अन्यत्र क्वचितच पडते. परंतु आज मला त्याच्या भाषेविषयीं अगर चक्रधरांच्या तत्त्वज्ञानाविषयीं लिहावयाचें नाहीं. हा ग्रंथ हरवला कसा व परत मिळाला कसा, एवढ्याच गोष्टीकडे मी वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. कारण सध्यां जो तो "सगळें कॉम्प्युटरवर चढवून ठेवलें आहे" असें म्हणून निश्चिंत होत आहे, आणि ही निश्चिंती मला अस्थानीं वाटते.

म्हाइंभटांनीं गांवोगांव हिंडून, ज्याच्या त्याच्या तोंडून लीळा ऐकून घेऊन हा ग्रंथ सिद्ध केला. पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं, खलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी लुटली गेली, असें महानुभावांची परंपरा सांगते. मग ज्यांनीं लीळा मुखोद्गत केल्या होत्या त्यांच्या स्मरणांतून तो पुन्हां लिहिला गेला. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी जी पाठांची गर्दी अभ्यासकास गोंधळून टाकते, तिचें मूळ येथें आहे. डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित प्रत १९७८ सालीं निघाली, तरी पाठभेदांची कुरकुर कांहीं थांबली नाहीं. मला ही कुरकुर कृतघ्नपणाची वाटते. पाठभेद आहेत याचा अर्थच असा कीं स्मरणारीं माणसें वेगवेगळीं होतीं, आणि एकाच धाडींत तीं सर्व सांपडलीं नाहींत. सगळ्या प्रती एकाच गांठोड्यांत असत्या तर पाठभेद उरले नसते, हें खरें. पण ग्रंथहि उरला नसता.

माझा एक जुना विद्यार्थी सर्व्हर सांभाळण्याच्या धंद्यांत आहे. सर्व्हर म्हणजे दुसऱ्या यंत्रांच्या मागण्या रात्रंदिवस पुरविणारें यंत्र. त्याला दिवाळीची सुटीहि नसते, आणि म्हणून या विद्यार्थ्यालाहि नसते. त्याला मीं ही हकीकत सांगितली, तेव्हां तो म्हणाला, "सर, आमचा पहिला धडा हाच. प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक तरी परगांवीं." एकाच पेटींतल्या दोन चकत्यांवर तोच मजकूर असला तर त्या दोन प्रती नव्हेत, असेंहि त्यानें बजावलें, कारण एकीवर जें पुसलें जातें तें त्याच क्षणीं दुसरीवरहि पुसलें जातें. आणि परगांवाची अट पुणेकरांस तरी समजावून सांगावी लागूं नये. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकाठच्या पेठांत एका घरची वही शेजारच्या घरीं ठेवून काय उपयोग झाला असता?

प्रत असणें ही मात्र अर्धीच गोष्ट. येथें सदाशिव पेठेंत, माझा ज्या छोट्या संस्थेशीं संबंध आहे तेथें, माझीं कांहीं वर्षांचीं टिपणें यंत्रावर होतीं. रोज रात्रीं त्यांचा बॅकअप होई व सकाळीं "यशस्वी" असा शेरा उमटे. एका उन्हाळ्यांत यंत्राची चकती गेली. बॅकअप उघडून पाहतों तों आंत कांहीं नाहीं! कोणीतरी फोल्डरचें नांव बदललें होतें, आणि बिचारें यंत्र अकरा महिने एका रिकाम्या फोल्डरची इमानानें नक्कल करीत होतें. त्या अकरा महिन्यांत एकानेंहि तो उघडून पाहिला नव्हता. आमच्या आजोबांच्या घरीं पोथ्यांचीं बासनें वर्षांतून एकदां सोडून उन्हें दाखवीत. त्या निमित्तानें कसर लागली कीं नाहीं तें तरी कळे. माझीं टिपणें पुढें दुसऱ्या एका जुन्या चकतीवर मिळालीं. त्यांची कथा शेवटीं सांगतों.

ज्ञानेश्वरीवर आलेलें संकट याच्या उलट होतें. तेथें प्रतींना तोटा नव्हता, पण त्यांत भेसळ शिरली होती. शके १२१२ मध्यें सांगितलेला ग्रंथ शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं प्रती ताडून शुद्ध केला आणि त्यांत कोणीं आपल्या ओव्या घुसडूं नयेत अशी ताकीद दिली. आजचे सर्व्हरवाले ही ताकीद गणितानें देतात. संपूर्ण मजकुरावरून एक लांबलचक आंकडा काढून वेगळा जपून ठेवतात. मजकुरांत एक काना बदलला तरी तो आंकडा जुळत नाहीं. युक्ति सुरेख आहे. परंतु मजकूर बदलला एवढेंच ती सांगते. दोन पाठांतला खरा कोणता, हें सांगावयास एकनाथच लागतो.

महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपींतहि लिहिले. अक्षरांची अदलाबदल केलेली ती सांकेतिक लिपि होती. तिची किल्ली पंथाबाहेर न गेल्यामुळें उरलेल्या महाराष्ट्राला हें वाङ्मय शतकानुशतकें बंद राहिलें. विसाव्या शतकांत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती लिपि उलगडली. येथें आधुनिकांनीं फसूं नये. अक्षरांची अदलाबदल केली तरी भाषेची ठेवण आंत शिल्लक राहते, म्हणून राजवाड्यांस वाट सांपडली. आजच्या सांकेतिकीकरणांत तशी ठेवण उरत नाहीं. किल्ली एकाच माणसाच्या डोक्यांत राहिली आणि तो माणूस गेला, तर दहा राजवाडे बसले तरी कुलूप निघावयाचें नाहीं.

आतां चोरांविषयीं. १९०६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्यें जो घाला पडला, त्याची रीत साहित्यिकांनींहि समजून घेण्याजोगी आहे. एटीएममधून पैसे मागितले कीं बँकेच्या सर्व्हरला प्रश्न जातो, "हें कार्ड खरें काय? खात्यांत रक्कम आहे काय?" चोरांनीं वाटेंत आपला तोतया उत्तरदाता बसविला. प्रश्न बँकेपर्यंत पोंचेच ना. तोतया प्रत्येकास "होय" म्हणे. ११ ऑगस्टला कांहीं तासांत अठ्ठावीस देशांतून सुमारें ७८ कोटी रुपये व देशांत सुमारें अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेस आणखी सुमारें १४ कोटी हाँगकाँगला गेले. एप्रिल २०२३ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें अकरा जणांस दोषी ठरविलें. लक्षांत घेण्यासारखें हें कीं ठेवीदारांच्या खात्यांस हात लागला नव्हता. वही शाबूत होती. वहीच्या नांवानें बोलणारा खोटा होता. तुकोबांच्या नांवावर आज पडद्यावरून फिरणाऱ्या रचना वाचतांना मला या तोतयाची आठवण होते.

ग्रंथसंस्थांस यंत्रासाठीं देणग्या मिळतात. दात्याच्या नांवाची पाटी यंत्रावर लावतां येते. यंत्र राखणाऱ्याच्या पगाराला पाटी लावतां येत नाहीं, म्हणून त्याला देणगीहि मिळत नाहीं. १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेंत दप्तरें सांभाळीत आहे. तेथें बसून एकदां दप्तर सोडणें व पुन्हां नीट बांधणें किती वेळ खातें हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला सर्व्हर राखण्यासहि माणूस लागतो हें पटविण्याची जरूर पडूं नये.

आमच्या छोट्या संस्थेंत आतां त्या विद्यार्थ्याच्या आग्रहामुळें दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहतात. गेल्या खेपेस मी हजर होतों. माझीं टिपणें सापडलेल्या चकतीवरून या यंत्रावर व्यवस्थित उतरलीं. उघडलीं मात्र, तों पडद्यावर नुसतीं चिन्हें आणि तुटकीं रोमन अक्षरें! पंचवीस वर्षांपूर्वीं तीं एका जुन्या फाँटांत टंकलीं होतीं आणि तो फाँट आतां कोठेंच नाहीं. "सर, ही तुमची सकळ लिपि," विद्यार्थी हंसून म्हणाला. कोणतें चिन्ह कोणत्या अक्षरासाठीं, याचा तक्ता आम्हीं दोघे बसून करीत आहों. जोडाक्षरें अजून राहिलीं आहेत.