काजूफेणी
गोव्यातील एक पारंपरिक ऊर्ध्वपातित मद्य. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या बोंडांपासून ते तयार करतात. पिकून गळलेली बोंडे तुडवून काढलेला रस बाहेरून यीस्ट न घालता आंबू देतात व भट्टीत त्याचे ऊर्ध्वपातन करतात. पहिल्या वेळी सौम्य उर्राक, तर पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर तीव्र फेणी मिळते. तिचा उग्र, फळगंधी दर्प पुष्कळदा दोष मानला जातो. वस्तुतः बोंडांतील व किण्वनात निर्माण झालेली गंधद्रव्ये टिकून राहिल्यानेच तो येतो. तो घालविल्यास फेणीचे वेगळेपण उरत नाही. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र ते काजूफेणीपुरतेच असून त्यातून माडाची फेणी वगळली गेली, ही त्यातील मोठी उणीव होय.