गोधडीवर नाव कोणाचे?

अमेरिकेतील संग्रहालयांत एकोणिसाव्या शतकातील काही गोधड्या काचेआड जपून ठेवल्या आहेत. 'आल्बम क्विल्ट' हे त्यांचे नाव. प्रत्येक चौकोनाचा नमुना निराळा, बहुधा तो शिवणारी स्त्रीही निराळी, आणि अनेक चौकोनांवर तिचे नाव शाईने वा टाक्यांनी घातलेले. १८४५ ते १८५५ या सुमारास बाल्टिमोर शहरात ही कला विशेष बहरली. त्यांतील फुलांच्या परड्या आणि रंगांची जुळणी छायाचित्रांतही डोळ्यांत भरते. या कारागिरीचे कौतुक करताना आपण हात आखडण्याचे कारण नाही.

परंतु समीक्षा कौतुकापाशी थांबत नाही. त्या गोधड्यांचा कापूस कोणी वेचला? त्या काळी अमेरिकेचा कापूस मुख्यतः दक्षिणेतील गुलामांच्या श्रमावर पिकत होता, आणि दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा होता. म्हणजे चौकोनावरची सही हा केवळ कलावंताचा अभिमान नव्हे. सही करता येणे हाच एक अधिकार होता. धागा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, ही विभागणी त्या सुंदर कापडातच विणलेली आहे.

या विभागणीला छेद देणारी स्त्री म्हणजे हॅरिएट पॉवर्स. जॉर्जियात १८३७ साली ती गुलाम म्हणून जन्मली. स्वातंत्र्यानंतर तिने बायबलमधील प्रसंगांची गोधडी शिवली आणि १८८६ साली अथेन्सच्या कापूस-मेळ्यात मांडली. पुढे ओढग्रस्तीत ती तिला एका गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेला पाच डॉलरना विकावी लागली. विकल्यावरही ती आपली गोधडी पाहायला जात असे. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या दुसऱ्या गोधडीत १८३३ च्या उल्कावर्षावाचेही चित्र आहे. हॅरिएट निरक्षर होती असे अभ्यासकांनी दीर्घकाळ गृहीत धरले. पुढे तिच्या १८९६ च्या पत्राची नक्कल उजेडात आली. शोषितांना लिहिता येत नसणारच, हे गृहीतक आपल्या परिचयाचे आहे.

हा सारा प्रश्न दूरदेशीचा नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि या शहरात पैशाचा पूर आला. त्याच भरभराटीत, १८६२ साली, भायखळ्याच्या संग्रहालयाची पायाभरणी झाली. १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडले आणि १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबईतल्या जातिजमातींच्या मातीच्या प्रतिमा त्याच्या संग्रहात आहेत. आपली माणसे संग्रहालयात पोचली ती अशी: जात सांगणारी, नाव नसलेली.

गिरणगावात तर धाग्यालाच विटाळ होता. धोट्यात नवी कांडी भरली की कामगार धागा तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा आपल्या तोंडी लागेल, म्हणून सवर्ण कामगारांनी त्याला साचाखात्याबाहेर ठेवले. आणि पगार अधिक होता तो साचाखात्यातच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्यांना कापड विणू दिले नाही, त्यांच्या बायका मात्र त्याच कापडाच्या चिंध्यांतून परळ-नायगावच्या चाळींत वाकळा शिवत होत्या.

माझ्या आईची वाकळ अशीच होती. वर जुने लुगडे, आत वडिलांच्या धोतराचे तुकडे, कडेपासून आत सरकत जाणारा धावदोरा. कोणता तुकडा कोणाचा, हे ती बोट ठेवून सांगे. तो आमचा आल्बमच होता. पण सहीच्या जागी तिचा अंगठा उठे, आणि वाकळेवर अंगठा उठवायची रीत नव्हती.

आज गोधडीला दुकानांत आणि प्रदर्शनांत भाव आला आहे. 'मायेची ऊब' म्हणून तिच्यावर हळवे लेख लिहिले जातात. या हळवेपणापासून सावध राहिले पाहिजे. वाकळ मायेची होती, तशीच ती थंडीची आणि रिकाम्या खिशाचीही होती. दारिद्र्याला सुंदर म्हणणे ही समीक्षा नव्हे. दारिद्र्यातही रंग निवडणारी बुद्धी ओळखणे ही समीक्षा. लाल तुकड्याशेजारी हिरवा का, हा निर्णय कोणीतरी घेतला होता. तो घेणारीला कलावंत म्हणायला आपले सौंदर्यशास्त्र कचरत असेल, तर ते शास्त्र अपुरे आहे.

बीडीडी चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. घर बदलताना सर्वांत आधी टाकली जाते ती फाटकी वाकळ. विद्यार्थी-कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे: टाकण्यापूर्वी छायाचित्र घ्या, शिवणारीचे पूर्ण नाव, गाव, चाळ आणि प्रत्येक तुकड्याची हकीकत लिहून ठेवा. संग्रहालयाने वाकळ मागितली तर द्यावी, पण पाटीवर तिचे नाव घालण्याच्या अटीवर. लिहायला आपण शिकलो आहोत. ज्यांनी शिकवले त्यांची सही करणे हे आपले काम आहे.