ऐतिहासिक वाड्यांचे जतन : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :
महाराष्ट्रात 'वारसा' म्हटला की किल्ले, लेणी आणि मंदिरे डोळ्यांसमोर येतात. जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे. ही बाब अभिमानास्पद आहेच. मात्र याच जिल्ह्यातील व शेजारच्या सांगलीतील जुने वाडे या विचाराच्या कक्षेबाहेर राहतात. प्रस्तुत लेखात या भेदाची समीक्षा केली आहे.

स्मारक आणि घर :
प्राचीन स्मारकांविषयीचे १९५८ व १९६० चे अनुक्रमे केंद्रीय व राज्य कायदे 'स्मारक' या संकल्पनेवर उभे आहेत. बदल रोखणे हे स्मारकाच्या जतनाचे प्रमुख सूत्र असते. घराला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. घरात न्हाणीघर, वीज, नळ यांत फेरफार करावे लागतात, वाटण्या होतात, वारसदार पुण्या-मुंबईस स्थायिक होतात. हक्क सर्वांचा आणि खर्च मात्र एकाचा, अशा स्थितीत कौले सरकली तरी शाकारणी होत नाही. पाणी भिंतीत मुरते, तुळयांची टोके कुजतात आणि अखेरीस पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. वाड्याच्या पडझडीचे मूळ अनेकदा सामाईक मालकीत असते.

वापरातून मिळालेले महत्त्व :
साताऱ्याच्या जुन्या राजवाड्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला. २०१७ पासून राज्यात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. छत्रपतींची वास्तू केवळ राजवैभवाची खूण म्हणून कुलूपबंद राहिली असती, तर तिच्या इतिहासातील हे पर्व घडलेच नसते. नवा वापर हा वास्तूच्या इतिहासाचाच पुढील भाग असतो.

वाईजवळच्या मेणवलीत याची दुसरी बाजू दिसते. नाना फडणवीसांचे मेणवली दप्तर द. ब. पारसनीसांच्या संग्रहातून पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेले. कागदपत्रांना संस्थेचा आधार मिळाला; वाडा मात्र खाजगी मालकीचाच राहिला. तेथील घाट 'स्वदेस' (२००४) या चित्रपटातून सर्वदूर पोहोचला. तथापि प्रसिद्धी म्हणजे देखभाल नव्हे.

सांगलीचा आक्षेप :
वापरावर भर देताना सुरक्षिततेचा आक्षेप टाळता येत नाही. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी सांगलीच्या जुन्या वस्तीत शिरले. पुरात भिजलेली मातीची भिंत खचते. अशा घरात राहणाऱ्यास केवळ वारशाचे माहात्म्य सांगणे अन्यायकारक ठरेल. परंतु घाईने केलेला सिमेंटचा गिलावाही मातीच्या भिंतीतील ओल कोंडून धरतो. चुन्याचे काम जाणणारे कारागीर आणि वेळेवर मिळणारे अर्थसाहाय्य यांची गरज येथेच स्पष्ट होते.

निष्कर्ष :
डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा-जतनाच्या तरतुदी आहेत. परंतु केवळ यादीत नोंद झाल्याने गळते छप्पर दुरुस्त होत नाही. सहवारसदारांत समझोता, लहान दुरुस्त्यांना मदत आणि योग्य नवा वापर यांना यादीइतकेच स्थान मिळावयास हवे. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास व भूगोल विभागांनी वाड्यांचे नकाशे, मालकी व सद्यःस्थिती यांची नोंद करावी. अन्यथा किल्ले जगाच्या नकाशावर राहतील. मात्र ते उभारणाऱ्या समाजाच्या राहणीचा पुरावा हरवेल.