अल्प तज्ज्ञतेची कामे आणि आपली महाविद्यालये

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन शालेय आकृतिबंध, मातृभाषा व चार वर्षांची पदवी यांभोवती फिरते. तंत्रज्ञानाविषयीच्या तेविसाव्या प्रकरणाचा उल्लेख गौरवाने होतो; वाचन क्वचितच होते. प्रस्तुत लेखात त्यातील एका लहानशा तरतुदीचा विचार करावयाचा आहे. बालाघाटसारख्या जिल्ह्यात शिकविणाऱ्या प्राध्यापकाचा तिच्याशी थेट संबंध येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात धोरण दोन पातळ्यांवरचे शिक्षण सुचविते. विद्यापीठांनी मशीन लर्निंगसारख्या विषयांत पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रम चालवावेत. शिवाय उच्च शिक्षण संस्थांना अल्प तज्ज्ञतेच्या कामांचेही प्रशिक्षण देता येईल. अशी कामे म्हणून माहितीवर खुणा करणे, चित्रांचे वर्गीकरण आणि बोललेल्या मजकुराचे लेखन ही उदाहरणे दिली आहेत. कोणत्या संस्थेने काय घ्यावे, याची वाटणी धोरण करीत नाही. परंतु जिथे प्रयोगशाळा तोकडी आणि पूर्णवेळ प्राध्यापकांची वानवा, तिथे कोणता वाटा येईल हे सांगायला ज्योतिषी नको.

आक्षेप केवळ विषमतेचा नाही. हे धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआय या कंपनीने ‘व्हिस्पर’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली; ती हिंदी-मराठीसह अनेक भाषांतील बोलणे लिहून काढते. म्हणजे २०२० साली तीन वर्षांच्या पदवीला बसलेला विद्यार्थी बाहेर पडण्यापूर्वीच, त्याच्यासाठी सुचविलेले काम यंत्र करू लागले होते. लेखनातील चुका तपासण्याचे काम उरले, हे खरे. पण चूक ओळखायला भाषेची जाण लागते, आणि ती ‘अल्प तज्ज्ञता’ नव्हे.

याच ठिकाणी धोरणाने एक चांगली संधी एका वाक्यात संपविली आहे. भाषाशिक्षणाची सांगड संगणकीय भाषाप्रक्रियेशी घालावी, असे ते म्हणते. कशी, ते सांगत नाही. आपल्या वर्गात घरी पोवारी किंवा गोंडी, वर्गात हिंदी आणि गोंदियाला गेल्यावर मराठी बोलणारी मुले बसतात. व्हिस्परच्या भाषांच्या यादीत गोंडी नाही, पोवारीही नाही. पोवारी वाक्य यंत्र हिंदी म्हणून कसे लिहिते, कोणता प्रत्यय गाळते आणि का, हे शोधायला विद्यार्थ्याला लावले तर तो व्याकरणही शिकेल व यंत्राची मर्यादाही. केवळ खुणा करायला बसविले तर त्याची भाषा जाईल यंत्राकडे आणि त्याच्या हाती पडेल नगावर मजुरी.

धोरणाच्या भाषेत तंत्रज्ञान नेहमी बाहेरून, भविष्यातून येते. बालाघाटला हे वर्णन लागू पडत नाही. मलाजखंडची तांब्याची खाण १९८२ पासून उघडी खाण म्हणून चालली. आता तिथे भूमिगत खाणकाम आले आहे. डंपर व शॉवेलवरचा अनुभव भूगर्भात जसाच्या तसा चालत नाही. तिथे वायुवीजन, छताचा आधार, पाण्याचा उपसा हे प्रश्न पुढे येतात. दोन्हीकडे उपयोगी पडते ते छेदचित्र वाचणे, विद्युत मंडल समजणे, प्रमाणाचे गणित आणि नेमका अहवाल लिहिणे. हे विषय आपल्या अभ्यासक्रमात आहेत, परंतु कौशल्य म्हणून त्यांची गणना होत नाही.

दोष मात्र धोरणावर ढकलून मोकळे होता येणार नाही. डीसीए, पीजीडीसीए आणि टंकलेखनाच्या गतीसह घेतली जाणारी सीपीसीटी यांनाच आपल्याकडे संगणकशिक्षण मानले जाते. सरकारी जाहिरातीत ती अट असते, म्हणून विद्यार्थी ती पुरी करतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. (प्रमाणपत्रांची फाईल जाड होते, एवढा लाभ निर्विवाद.) प्रश्न महाविद्यालयाचा आहे. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीला व्यावसायिक विषय आला. त्याच्या प्रात्यक्षिकात आपण विद्यार्थ्याला तयार आज्ञावली चालवून दाखवायला सांगतो, की तिने दिलेले उत्तर चुकीचे कुठे आहे हे शोधायला सांगतो, ते येत्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढतानाच ठरणार आहे.