दूरदर्शनवरील मॅगझिन कार्यक्रम आणि ‘आमची माती’ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वृत्तपत्रात जे स्थान रविवार पुरवणीचे, तेच दूरचित्रवाणीवर वृत्तविषयक मॅगझिन कार्यक्रमाचे असते. बातमीपत्र घटना सांगते. मॅगझिन कार्यक्रम तिची पार्श्वभूमी, कारणे आणि तिच्यात सापडलेली माणसे दाखवतो. भारतात हा प्रकार दूरदर्शनवर रुजला. मराठीत त्याची वाट शेतीविषयक कार्यक्रमातून गेली. शेती आणि बातमी यांची तेथे झालेली फारकत हीच त्याची मुख्य मर्यादा होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन परंपरा :
१९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘द वर्ल्ड धिस वीक’ सुरू झाला. एनडीटीव्हीची निर्मिती व प्रणय रॉय यांचे सादरीकरण असलेल्या या साप्ताहिक कार्यक्रमाने जागतिक घडामोडी भारतीय घरांत आणल्या. त्यानंतर विनोद दुआ यांचा ‘परख’ आला. सरकारी माध्यमात खाजगी निर्मात्याला मिळालेली ही जागा पुढील खाजगी वृत्तवाहिन्यांची पाठशाळाच ठरली. मात्र या परंपरेचा प्रेक्षक प्रामुख्याने शहरी व सुशिक्षित होता.

दुसरी परंपरा ग्रामीण आहे. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले व त्याच्या पडद्यावर ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला. तज्ज्ञांची मुलाखत, शिवारातील चित्रण, बियाणे, खते व कीडनियंत्रण यांविषयी सल्ला, असे त्याचे मिश्र स्वरूप होते. शेतकऱ्याच्या बोलीला पडद्यावर प्रतिष्ठा मिळाली, हे या कार्यक्रमाचे मोठे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

पनवेल परिसराचा दाखला :
तथापि ‘माती’ म्हणजे केवळ पिकाचे माध्यम, हे या रचनेतील गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. शेतकरी शेतकरीच राहणार, प्रश्न फक्त उत्पादन वाढविण्याचा, असे ते गृहीतक आहे. पनवेल येथे खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भातजाती त्या केंद्राने दिल्या. याच पट्ट्यात १९७० नंतर नवी मुंबईसाठी भूसंपादन झाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासई-दास्तान फाटा आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. भाताची जात हा शेतीविषयक कार्यक्रमाचा विषय आणि गोळीबार हा बातमीपत्राचा. एकाच जमिनीच्या या दोन कथा जोडण्याचे काम मॅगझिन कार्यक्रमाचे होते. पण विषयांच्या या वाटणीत त्यासाठी जागाच उरत नाही.

न्यू पनवेललगतचे विचुंबे हे गाव या दृष्टीने बोलके आहे. ते ‘नैना’ या नियोजन क्षेत्रात येते. तेथे भातखाचरांशेजारी इमारती उभ्या राहिल्या आहेत. येथील जमीनधारकाला बियाण्याइतकीच विकास आराखडा, मोबदला व भूखंड यांची माहिती हवी. शेतीच्या सल्ल्यात ती मावत नाही आणि दोन मिनिटांच्या बातमीतही मावत नाही.

निष्कर्ष :
२००७ मध्ये ‘झी २४ तास’ व ‘स्टार माझा’ या वाहिन्या सुरू झाल्या आणि मराठी बातमी चोवीस तासांची झाली. तेवढ्याने ही पोकळी भरून निघत नाही. कारण उणीव वेळेची नसून दृष्टीची आहे. २०१५ मध्ये ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी आली, परंतु शेतकऱ्याला वेगळी वाहिनी देणे म्हणजे त्याला बातमीच्या केंद्रस्थानी आणणे नव्हे. जाहिरातदाराला विचुंब्याच्या सातबाऱ्यात रस असण्याचे कारण नाही. सार्वजनिक प्रसारणाचे प्रयोजन नेमके येथेच सुरू होते. ‘आमची माती’ कशी पिकवावी, हे दूरदर्शनने आस्थेने शिकविले. ती कोणाच्या नावावर राहणार, हा प्रश्नही त्याच कार्यक्रमात, त्याच बोलीत विचारला गेला, तरच ‘आमची’ हे सर्वनाम सार्थ ठरेल.