जाणत्या प्रेक्षकाची कसोटी

ग्रीक शोकांतिकेविषयी आपल्याकडे एक ठरीव मत प्रचलित आहे : तेथे दैव बलवत्तर आणि मनुष्य त्याच्या हातचे बाहुले. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) या नावाने सोफोक्लीजची जी शोकांतिका मराठीत आणली, तिचा विचार करताना हे मत आम्हांस अपुरे वाटते. या नाटकाचे खरे सामर्थ्य त्यातील नाट्यगत उपरोधात आहे. पात्राला जे ठाऊक नसते ते प्रेक्षकाला ठाऊक असते. साहजिकच पात्राच्या एकाच वाक्याचा अर्थ त्याच्यापुरता एक आणि आपल्यापुरता दुसरा होतो. राजा लायसच्या अज्ञात मारेकऱ्याला ओयदिपौस भर सभेत शाप देतो, तो स्वतःलाच!

अथेन्सच्या प्रेक्षकाला ही कथा आधीच माहीत होती. चारकोपच्या वाचकाला कर्णाचे जन्मरहस्य माहीत असते, तशीच. मग ग्रीक पुराणकथांशी परिचय नसलेल्या मराठी रसिकाने काय करावे? सोफोक्लीजच्या रचनेतच याचे उत्तर आहे. तायरेसियस हा अंध द्रष्टा आरंभीच्याच प्रवेशात राजाला तोंडावर सांगतो, की ज्याला तू शोधतोस तो तूच. राजा ते मानीत नाही. आपल्याला मात्र ते विसरता येत नाही.

तेथून पुढे प्रत्येक दिलासा उलटत जातो. भाकिते खोटी ठरतात हे पटविण्यासाठी राणी योकास्ता लायसच्या वधाची हकिकत सांगते. तीत तिवाट्याचा उल्लेख येतो आणि राजा हादरतो. कोरिंथचा दूत त्याची भीती घालवू पाहतो आणि नेमके त्याचे जन्मरहस्य उघडे करतो. कथानकाच्या कलाटणीचे उदाहरण म्हणून ॲरिस्टॉटलने हाच प्रसंग निवडला.

पण हा उपरोध म्हणजे राजाचा उपहास नव्हे. सत्य उमगलेली योकास्ता चौकशी थांबविण्याची विनवणी करते, तेव्हा आपणही मनोमन तिच्याच बाजूचे होतो. सारे जाणणारे आपण, पण त्याने अज्ञानात सुखी राहावे असे आपल्याला वाटू लागते. तो मात्र थांबत नाही. त्याच्या हातून घडलेले कृत्य दैवाने योजलेले असेल. ते उघड करण्याचा हट्ट त्याचा स्वतःचा आहे. म्हणूनच, डोळे गमावून बसलेल्या त्या राजासमोर डोळस प्रेक्षकाने नम्र व्हावे, असे आम्हांस वाटते.