आंतरविद्याशाखीय पदवी आणि महाविद्यालयाची निवड : एक परामर्श

आंतरविद्याशाखीय अभ्यासाच्या पदवीसाठी महाविद्यालय कोणते निवडावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी विद्यार्थ्याचा व त्याच्या पालकांचा आहे. संशोधन-पत्रिकेत त्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु तीन-चार वर्षांनी हाच विद्यार्थी आपल्या विभागाच्या दाराशी येतो आणि त्याने काय शिकून यावयास हवे होते याविषयी आपण तक्रार करू लागतो. तेव्हा ज्या माहितीपत्रकांवर विसंबून त्याने निवड केली, त्यांची परीक्षा करणे हे काही अंशी आपलेच काम ठरते.

ही माहितीपत्रके वाचीत असता एक गोष्ट प्रथम लक्षात येते. त्यांत विषयांची नावे विपुल असतात. ज्याच्यासाठी हे विषय एकत्र यावेत असा प्रश्न मात्र क्वचितच आढळतो. ‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ ही विशेषणे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरली जातात. सोमवारी अर्थशास्त्र, मंगळवारी मानसशास्त्र आणि बुधवारी पर्यावरण शिकणारा विद्यार्थी अनेक विद्याशाखांतून फिरून येतो, हे खरे. त्या शाखा त्याच्या ठायी एकमेकींशी बोलू लागतील याची हमी वेळापत्रक देत नाही.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत नाण्यांचा अभ्यास केला तो नाणी तोलून. नाणे हातोहाती फिरताना झिजते, आणि सर्व नाणी सारखी झिजत नाहीत. म्हणून जो गट अधिक काळ चलनात राहिला असेल त्याचे सरासरी वजन घटते आणि त्यातील नाण्यांच्या वजनांमधील तफावत वाढते. या संख्याशास्त्रीय विधानाच्या आधारे तक्षशिलेच्या निधींतील नाण्यांच्या गटांचा कालानुक्रम लावता येतो. येथे गणित हे इतिहासाला जोडलेले शोभेचे ठिगळ नव्हे. केवळ इतिहासकाराला हा प्रश्न सुचला नसता, आणि केवळ गणितज्ञाला त्याचे महत्त्व कळले नसते. महाविद्यालयाची पारख करताना विद्यार्थ्याने विषयांची यादी न मागता असा एखादा प्रश्न मागावा : येथे तो कोणत्या वर्गात विचारला जातो, आणि तो विचारताना वर्गात दोन विद्याशाखांचे अध्यापक एकत्र बसतात काय?

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्बल नाही. कोसंबींनी अशी कोणतीही पदवी घेतली नव्हती. इरावती कर्वे यांनीही फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान, नंतर मुंबईत समाजशास्त्र आणि बर्लिनला मानवशास्त्र असा प्रवास केला. मग वेगळ्या पदवीचे प्रयोजन काय? आमच्या मते हा आक्षेप पदवीच्या विरोधात जात नाही. तिच्या उथळ स्वरूपाच्या विरोधात जातो. कोसंबी ज्या हार्वर्डमधून १९२९ साली पदवीधर झाले, तेथे एका विषयात खोल उतरणे आणि इतर क्षेत्रांतही निश्चित प्रमाणात अभ्यास करणे ही दोन बंधने लॉवेल यांच्या काळात एकाच वेळी घातली गेली होती. इंग्लंडात १९४९ साली नॉर्थ स्टॅफर्डशायर येथे स्थापन झालेल्या, पुढे कील विद्यापीठ झालेल्या महाविद्यालयाने पहिले संपूर्ण वर्ष सर्वांसाठी समान पायाभूत अभ्यासाला दिले आणि त्यानंतर प्रत्येकाकडून दोन प्रमुख विषय करून घेतले. त्यासाठी तीनऐवजी चार वर्षे मोजावी लागली. विस्ताराची किंमत तेथे काळाच्या रूपाने प्रामाणिकपणे चुकती केली, हे विशेष.

आपल्याकडे काय घडते? विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक आहेत. त्यांपैकी किमान ६० प्रमुख विषयाचे, २४ गौण विषयाचे आणि बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांचे अवघे ९. हे ९ श्रेयांक दाखवून संपूर्ण पदवीच आंतरविद्याशाखीय असल्याचे सुचविणारे माहितीपत्रक दिशाभूल करते, असे म्हणण्यास हरकत नसावी. प्रमुख विषयच अनेक शाखांत विभागून घेण्याची तरतूद त्याच आराखड्यात आहे. पण तीही महाविद्यालयाने खरोखर राबविली आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. चौथ्या वर्षीच्या संशोधन-प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. तो प्रकल्प कोणत्या विभागाच्या मार्गदर्शकाकडे जातो, दोन मार्गदर्शक असू शकतात काय, आणि मागील विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयात पाहावयास मिळतात काय, एवढे विचारले तरी पुष्कळ कळून येते. इमारती व वसतिगृहे यांचे वर्णन मग निरुंद वाटू लागते. (छायाचित्रांतील हिरवळीबद्दल न बोललेलेच बरे.)

शेवटी आपल्या विभागांसंबंधी. पदव्युत्तर अभ्यासक्रमांविषयीच्या २०२४ च्या आराखड्यानुसार, पदवीला कोणताही विषय घेतलेला असला तरी त्या विषयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास पदव्युत्तर प्रवेश मिळू शकतो. दार उघडले, असे आपण मानतो. पण ती प्रवेशपरीक्षा एकाच विद्याशाखेची असते, आणि तिची प्रश्नपत्रिका आपणच काढतो. जो विद्यार्थी तीन वर्षे दोन शाखांच्या सीमेवर राहिला, त्याच्यासमोर आपण एका शाखेच्या गाभ्यातील शंभर प्रश्न ठेवतो आणि तो मागे पडला की त्याच्या महाविद्यालयाला दोष देतो. यंदाची प्रश्नपत्रिका काढण्यासाठी विभागाची बैठक भरेल, तेव्हा त्यात सीमेवरचा निदान एक प्रश्न असावा, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत.